तीन हंगाम हरले, म्हणून कोचला घालवायचं का?

ताई, नमस्कार.

नव्वदच्या दशकात पुण्याहून मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करायला आलो. इथली थंडी आणि इथलं कॉलेज बास्केटबॉल, दोन्हींची ओळख एकाच हिवाळ्यात झाली. तेव्हापासून हा संघ माझा. सीझन तिकीट कधी सोडलं नाही. विद्यापीठाचं नाव कृपया छापू नका.

तीन वर्षांपूर्वी नवा कोच आला. पहिल्या वर्षी १३ विजय, १९ पराभव. मग १६-१६. यंदा १५-१७, त्यातले सात सामने पाचपेक्षा कमी गुणांनी गेले. आता आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने निवेदन तयार केलंय: कोचला आत्ताच काढा, करार मोडायचे तीस लाख डॉलर आम्ही देणगीदार उभे करतो. माझ्याकडे सही मागितली आणि हजार डॉलर. मी रागाच्या भरात हो म्हणालो. इंडियानाच्या फुटबॉल संघाने एका वर्षात कायापालट केला, मग आम्हीच का वाट बघायची?

अडचण घरात आहे. मुलगा त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि या संघाचा स्टुडंट मॅनेजर, म्हणजे सरावाची पडेल ती कामं करणारा विद्यार्थी, आहे. पुढे त्याला कोचच व्हायचंय. निवेदनाचं कळल्यावर म्हणाला, "बाबा, सरांनी पहिल्या वर्षी आणलेले दोघे अजून इथेच आहेत. यंदा त्यांनी एक असिस्टंट बदलला, सगळा डिफेन्स बदलला. तुम्हाला फक्त स्कोअर दिसतो." आणि फोन ठेवला. तेव्हापासून धड बोलणं नाही.

किती वर्षं थांबावं याचं काही माप आहे का? मी सही करू का?

– एक माजी विद्यार्थी, ओहायो

दादा,

सही करू नका. हो म्हणून बसला असाल तर एक ओळ लिहून शब्द परत घ्या. हजार डॉलरचं काय करायचं ते शेवटी सांगते.

तुमचा राग मला खोटा वाटत नाही. फेब्रुवारीत बर्फ तुडवत जायचं, शेवटच्या मिनिटाला दोन फ्री थ्रो वाया जाताना बघायचे आणि मग रात्री गाडी चालवत घरी यायचं, हे तीन हिवाळे केलेल्या माणसाला नुसतं "धीर धरा" म्हणणं म्हणजे त्याची बोळवण करणं आहे. तसं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: किती वर्षं झाली हे मोजून कोचबद्दल फारसं कळत नाही. त्या वर्षांत त्याच्या हाताखाली काय घडतंय, त्यावरून कळतं.

तुमच्या गटाच्या निवेदनासारखंच एक प्रकरण ड्यूक विद्यापीठात घडलेलं आहे. १९८० साली तिथे माइक शशेफ्स्की आले, तेव्हा तेहतीस वर्षांचे होते आणि आर्मीमधला (वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघातला) त्यांचा शेवटचा हंगाम ९-१७ असा गेला होता. ड्यूकमध्ये पहिल्या तीन वर्षांत ३८ विजय, ४७ पराभव. १९८३च्या एसीसी या त्यांच्या विद्यापीठगटाच्या स्पर्धेत व्हर्जिनियाने त्यांना १०९-६६ असं धुतलं. जखमेवर मीठ म्हणजे त्याच वसंतात शेजारच्या एनसी स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि त्यांचे कोच जिम व्हॅल्व्हानो शशेफ्स्कींबरोबर १९८०मध्येच नेमले गेले होते. मग काय, ड्यूकच्या देणगीदारांचा एक नाराज गट उभा राहिला आणि अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, टॉम बटर्स यांच्याकडे कोचला काढण्याची मागणी सुरू झाली. जानेवारी १९८४मध्ये बटर्सनी कोचला बोलावलं आणि करार वाढवून दिला. १९८६ला संघ अंतिम सामन्यात होता. पुढे पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली.

ही गोष्ट अमेरिकेत इतक्या वेळा सांगितली जाते की प्रत्येक हरणाऱ्या कोचचा वकील ती खिशात घेऊन फिरतो. म्हणूनच तिच्यातला महत्त्वाचा भाग निसटतो. बटर्सनी डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता. १९८२-८३चा तो लाजिरवाणा संघ पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जिवावर खेळत होता: जॉनी डॉकिन्स, मार्क अॅलरी, डेव्हिड हेंडरसन, जे बिलास. समोर व्हर्जिनियाकडे शेवटच्या वर्षाचा राल्फ सॅम्पसन. ही पोरं मोठी होणार आहेत, हे बघणाऱ्याला दिसत होतं. १९८६चा अंतिम सामना खेळली ती हीच पोरं. थांबण्याचं कारण होतं ते या पोरांत, कोचच्या विजय-पराभवांच्या तक्त्यात नव्हे.

उलट उदाहरणही घ्या. लुईव्हिलने २०२२मध्ये आपलाच जुना खेळाडू केनी पेन याला कोच नेमलं. पहिल्या वर्षी ४-२८. दुसऱ्या वर्षी ८-२४. आपला माणूस म्हणून त्याला दुसरं वर्ष दिलं गेलं, आणि ते देणं कुणाच्याच भल्याचं झालं नाही. मार्च २०२४मध्ये त्याला काढून पॅट केल्सीला आणलं, पहिल्याच हंगामात २७ विजय. तिथे पहिल्या वर्षाच्या शेवटी बघितलं तरी कळत होतं की या संघात कुणी सुधारत नाहीये. मिशिगनचंही तसंच. जुवान हॉवर्डचा संघ २०२१मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत होता आणि २०२४मध्ये ८-२४वर आला. पाच वर्षं दिली, आलेख खाली चालला होता, बदल केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. तेव्हा मी सरसकट थांबण्याच्या बाजूची आहे असं समजू नका.

आता तुमच्या शेजारच्या राज्याकडे या. इंडियानात दोन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत, दोन्हीकडे बास्केटबॉलचं वेड सारखंच, आणि दोघांनी अगदी वेगळे रस्ते धरले. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाने २०००मध्ये बॉब नाइटना काढल्यापासून माइक डेव्हिस, केल्विन सॅम्पसन, टॉम क्रीन, आर्ची मिलर, माइक वुडसन असे पाच कोच पाहिले. २०२५मध्ये डॅरियन डेव्हरीज आले, ते सहावे. यातल्या क्रीनची कथा मला नेहमी अस्वस्थ करते. सॅम्पसनच्या काळातल्या नियमभंगानंतर त्यांना जवळजवळ रिकामा संघ मिळाला. ६-२५, १०-२१, १२-२०. इंडियानाने तेव्हा धीर धरला, आणि चौथ्या वर्षी २७ विजय आले. डिसेंबर २०११मध्ये पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला हरवलं तेव्हा ब्लूमिंग्टनचे लोक मैदानात उतरले. २०१३ आणि २०१६, दोन वर्षं बिग टेन या आपल्या विद्यापीठगटाचं विजेतेपद त्यांनी एकट्याने घेतलं. आणि २०१७मध्ये एक वाईट हंगाम झाला नि क्रीनना काढलं! त्यानंतर मिलर चार वर्षं होते, एकदाही एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत, संघ गेला नाही. त्यांना घालवायला एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम लागली, तीही खासगी देणग्यांतून उभी केली. तुमच्या गटाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

तिथून दोन तासांवर वेस्ट लाफायेट. पर्ड्यू विद्यापीठात १९८०पासून दोनच कोच: आधी जीन कीडी, आणि २००५पासून त्यांचाच शिष्य मॅट पेंटर. पेंटरचं पहिलं वर्ष ९-१९. मग सलग सहा वर्षं एनसीएए स्पर्धा. मग पुन्हा घसरण: १६-१८, आणि २०१४मध्ये १५-१७, बिग टेनमध्ये शेवटचा क्रमांक. नऊ वर्षं झालेला कोच आणि संघ तळाला! आजच्या हिशेबाने त्या माणसाचं सामान बांधून झालं असतं. पर्ड्यूने ठेवलं. २०१७ला त्याने बिग टेन जिंकली.

पण कसोटी त्यानंतरची. एनसीएए स्पर्धेत २०२१मध्ये तेराव्या मानांकनाच्या (आकडा मोठा तितका संघ दुबळा) नॉर्थ टेक्सासकडून हार. २०२२मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून. २०२३मध्ये, तुमच्याच ओहायोत, कोलंबसमध्ये, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात असं दुसऱ्यांदा घडत होतं. सगळ्या देशाने पेंटरची चेष्टा केली. पुढच्या वर्षी तोच कोच आणि बराचसा तोच संघ घेऊन पर्ड्यू राष्ट्रीय अंतिम सामन्यात होतं. तिथे ते कनेटिकटकडून हरले, पण फायनल फोरला (शेवटच्या चार संघांत) ते १९८०नंतर पहिल्यांदा पोचले होते. झॅक ईडी हा सात फूट चार इंचांचा मुलगा कॅनडातून आला तेव्हा त्याच्यामागे मोठी विद्यापीठं फारशी धावत नव्हती; पर्ड्यूमधून जाताना तो सलग दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता. पेंटरकडे दर वर्षी बघण्यासारखं हेच होतं. मार्चमध्ये हरला तरी त्याची पोरं नोव्हेंबरपेक्षा मार्चमध्ये चांगली खेळायची, आणि या मार्चपेक्षा पुढच्या मार्चमध्ये.

(पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरणं पहिल्यांदा घडलं होतं २०१८मध्ये, व्हर्जिनियाबाबत. तिथेही टोनी बेनेटना कुणी काढलं नाही, आणि २०१९मध्ये व्हर्जिनिया विजेते झाले.)

तुम्ही इंडियानाच्या फुटबॉलचं म्हणता. कर्ट सिग्नेटी आले आणि ३-९चा संघ एका वर्षात ११-२ झाला, खरं आहे. त्यांनी आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेरा खेळाडू सोबत आणले. पूर्वी विद्यापीठ बदललं की खेळाडूला एक वर्ष बसून काढावं लागायचं. २०२१पासून ती अट सुटली. २०२१पासूनच नाव आणि छबीचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे नवा कोच एका उन्हाळ्यात संघ उभा करू शकतो. म्हणून तुमच्या गटाला वाटतं की थांबण्याचे दिवस गेले.

मी याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघते. दार दोन्हीकडे उघडतं. कोच गेला की त्याच्या खेळाडूंनाही बाहेर पडायची मुभा मिळते, आणि इतर कोच तयारच बसलेले असतात. २०२५चा विजेता फ्लोरिडा बघा. तिथे टॉड गोल्डनचं पहिलं वर्ष १६-१७ होतं. त्याला ठेवलं, तिसऱ्या वर्षी ३६-४ आणि विजेतेपद. त्याच्या संघातला मुख्य खेळाडू वॉल्टर क्लेटन ज्युनियर कुठून आला? आयोनातून, रिक पिटिनो ती नोकरी सोडून सेंट जॉन्सला गेल्यावर. अलाइजा मार्टिन कुठून आला? फ्लोरिडा अटलांटिकमधून, डस्टी मे तिथून मिशिगनला गेल्यावर. जिथे कोच बदलला तिथून निघालेली पोरं, जिथे कोच टिकला तिथे येऊन जिंकली. तुमचं निवेदन मान्य झालं तर पहिल्या आठवड्यात काय होईल? मुलाने ज्या दोघांचं नाव काढलं, ते दोघे पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असतील. मग तीस लाख जुन्या कोचला द्या, नव्या कोचच्या आधीच्या विद्यापीठाला त्याच्या कराराचे द्या, आणि वर रिकामी जागा भरायला खेळाडू विकत आणल्यासारखे आणा. हे सगळं त्याच देणगीदारांच्या खिशातून. बहुतेक मधल्या फळीतल्या विद्यापीठांना हे दर तीन वर्षांनी झेपत नाही.

आणि एका हंगामात कायापालट करणारे हे कोच येतात कुठून तेही बघा. डस्टी मे फ्लोरिडा अटलांटिकला आला २०१८मध्ये. पहिली चार वर्षं एकदाही एनसीएए स्पर्धा नाही. पाचव्या वर्षी ३५-४ आणि फायनल फोर. मिशिगनला पहिल्या वर्षी २७ विजय मिळवणारा कोच घडला, कारण एका छोट्या विद्यापीठाने त्याला चार वर्षं शिकू दिलं.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबू नये. रटगर्सच्या माइक राइसचं २०१३चं प्रकरण आठवत असेल: सरावात खेळाडूंना ढकलणं, अंगावर चेंडू फेकून मारणं, घाणेरड्या शिव्या. विद्यापीठाला आधी कळलं होतं, तीन सामन्यांची बंदी घालून विषय मिटवला. व्हिडिओ बाहेर आल्यावर त्याला काढलं आणि अॅथलेटिक डायरेक्टरलाही जावं लागलं. पोरांशी असं वागणाऱ्या माणसाला एक दिवसही देऊ नये, मग तो ३० सामने जिंकत असला तरी. तुमच्या पत्रात असं काही नाही. असतं तर मुलाने त्याची बाजू घेतली नसती, कारण मॅनेजरला संघातलं सगळं दिसतं: घामाचे टॉवेल, बसमधल्या शिव्या, जखमी खेळाडूला कोण भेटायला जातं ते.

तर तुमचा कोच. उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहून पाठवलाय. पहिल्या वर्षी आणलेले दोघे आज तिसऱ्या वर्षीही टिकून आहेत. पैसे आणि पोर्टलच्या काळात ही साधी गोष्ट नाही, त्यांना दुसरीकडून बोलावणी आली नसतील असं मला वाटत नाही. कोचने हरल्यावर आपला असिस्टंट आणि आपला डिफेन्स बदलला, म्हणजे चूक मान्य करायची तयारी आहे. आणि सात सामने पाचपेक्षा कमी गुणांनी गेले. यात नशिबाचा भाग असतो, पण सातही नशिबाचे नसतात: शेवटच्या चार मिनिटांत कोण खेळतो, टाइमआउट कधी घेतला जातो, फ्री थ्रोचा सराव किती. इथे मला त्याच्याबद्दल शंका आहे. पण या शंकेचं उत्तर चौथ्या हंगामातच मिळेल, आणि तो हंगाम त्याने कमावलाय असं मला वाटतं.

त्या हंगामात तुम्ही हे बघा. ते दोघे शेवटच्या वर्षाला असतील. ते अजून चांगले झालेत का? नवीन आणलेले खेळाडू जानेवारीत डिफेन्समध्ये एकमेकांशी बोलताना दिसतात का, की प्रत्येक जण आपापला माणूस शोधत फिरतोय? अटीतटीचे सामने आता निम्मे तरी जिंकतोय का? फेब्रुवारीच्या शेवटी संघ आजच्याच जागी असेल, तेच सामने त्याच पद्धतीने हातातून जात असतील आणि त्या दोघांचा खेळ थांबलेला असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा बदल करा असं मी स्पष्ट सांगेन, आणि तेव्हा तुमच्याकडे रागाशिवायही कारण असेल.

आता मुलाचं. दादा, हे निवेदनापेक्षा मोठं आहे. त्याला कोच व्हायचंय आणि तो जिथे आहे तिथूनच लोक कोच होतात. डस्टी मे इंडियानामध्ये बॉब नाइटच्या हाताखाली स्टुडंट मॅनेजर होता. एनबीएत कोच झालेला लॉरेन्स फ्रँकही तिथलाच मॅनेजर. तुमचा मुलगा पहाटे चेंडू पकडून देतो, फरशी पुसतो, व्हिडिओ कापतो आणि त्यातून हा धंदा शिकतोय. बाप त्याच्या गुरूला हाकलण्याच्या कागदावर सही करतो आणि हजार डॉलरही देतो, हे उद्या त्या ऑफिसात कळणारच. तुमचा हक्क मी नाकारत नाही, तुम्ही तिकीट काढणारे माजी विद्यार्थी आहात. पण त्याची किंमत तुमच्याआधी तो मोजेल.

त्याला आज फोन करा. सही करत नाही एवढं सांगा आणि "तुझ्यासाठी करत नाही" असं म्हणू नका, नाहीतर त्याच्यावर ओझं येईल. त्याचा मुद्दा पटला असं म्हणा, कारण तो पटण्यासारखाच आहे. कोचबद्दल आतल्या बातम्या विचारू नका. संघातल्या गोष्टी बाहेर न बोलणं हे त्याच्या कामात येतं, आणि तुम्ही विचारलंत तर तो दोन्हीकडून अडकेल. त्याऐवजी त्याला विचारा की नवीन डिफेन्स नेमका कसा आहे. पिक अँड रोलला मोठा खेळाडू मागे थांबतो की पुढे धावून अडवतो? तो तासभर बोलेल.

गटाला इतकंच लिहा: "मी चौथ्या हंगामाच्या बाजूने आहे. सही करत नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बोलू." वाद घालत बसू नका, कुणाचं मन मेसेजवर बदलत नाही. आणि ते हजार डॉलर खेळाडूंसाठीच्या निधीत टाका, जमल्यास त्या दोघांचं शेवटचं वर्ष इथेच व्हावं म्हणून. सीझन तिकिटाचं नूतनीकरणही विसरू नका.

– ताई